आवाज गिळणारा मॅक्झिम

मॅक्झिम हे नाव आपल्याला ठाऊक असते ते मशीनगनमुळे. इतिहासाच्या पुस्तकात साम्राज्यवादाच्या प्रकरणात ते एखाद्या ओळीत येते आणि पुढच्या ओळीत आपण आफ्रिकेच्या वाटणीकडे वळतो. ती गन करणारा सर हिराम स्टीव्हन्स मॅक्झिम. परंतु हा लेख त्याच्याविषयी नाही, त्याच्या मुलाविषयी आहे. मुलाचे नावही हिरामच, पण जग त्याला हिराम पर्सी मॅक्झिम म्हणून ओळखते. बापाने बंदुकीच्या उलट्या धक्क्याला कामाला जुंपले. मुलाने तो धक्का आणि त्याबरोबरचा आवाज कमी करणारे नळकांडे बनवले. एकाच घरात एकाच शक्तीचे असे दोन विरुद्ध उपयोग व्हावेत, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटली. म्हणून पर्सीचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी ब्रुकलिन येथे झाला. ब्रुकलिन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सामील झालेले नव्हते, स्वतंत्र शहर होते. आईचे नाव जेन. बाप मूळचा मेन राज्यातल्या सँगरव्हिल या खेड्यातला, १८४० साली जन्मलेला. त्याचे शालेय शिक्षण बेताचेच. घोडागाड्या बनवणाऱ्याच्या हाताखाली तो काम शिकला आणि पुढे जे हाती येईल त्यात सुधारणा करू लागला. केस कुरळे करण्याच्या चिमट्यापासून उंदराच्या सापळ्यापर्यंत काही त्याला वर्ज्य नव्हते. मग तो विजेच्या दिव्यांकडे वळला आणि एका मोठ्या विद्युत कंपनीचा प्रमुख अभियंता झाला.

असा बाप घरात असणे म्हणजे रोजचा तमाशा. पर्सीने म्हातारपणी आपल्या बालपणावर एक पुस्तक लिहिले, त्यात बापाच्या खोड्या, त्याचे तऱ्हेवाईक प्रयोग आणि त्याचा रागीट स्वभाव हे सारे आले आहे. पुस्तकात कडवटपणा जवळजवळ नाही, आणि हेच मला त्याचे मोठेपण वाटते. कारण कडवटपणा असावा असे पुष्कळ काही घडले होते. १८८१ साली पॅरिसला विजेचे मोठे प्रदर्शन भरले. कंपनीने बापाला युरोपात धाडले. पर्सी तेव्हा बाराव्या वर्षात होता. बाप गेला तो गेलाच. लंडनला त्याने कारखाना थाटला, दुसरा संसार मांडला, आणि जेन मुलांसह अमेरिकेत राहिली. पुढच्या आयुष्यात बापलेकांच्या भेटी फारच थोड्या झाल्या.

लंडनमध्ये हॅटन गार्डन भागातल्या त्या कारखान्यात बापाने काय केले, हे थोडे सांगितले पाहिजे, त्याशिवाय मुलाचे काम कळणार नाही. रायफल उडवली की ती खांद्याला मागे ढकलते. सैन्यातली रायफल झाडून झाडून खांदा काळानिळा झाला, तेव्हा हिरामच्या मनात विचार आला, असे सांगतात. एवढा जोर वाया का घालवायचा? १८८४ साली त्याने अशी गन तयार केली की गोळी सुटल्याबरोबर नळीच मागे सरके. त्या मागे सरकण्याच्या जोरावर रिकामे काडतूस बाहेर फेकले जाई, स्प्रिंग ताणली जाई, आणि स्प्रिंग परत येताना पुढचे काडतूस नळीत जाऊन तेही उडे. माणसाने घोडा दाबून धरायचा, बाकीचे काम धक्काच करी. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या. नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती पाण्याचे आवरण असे.

या गनने काय केले ते इतिहासात आहे. आपल्याशी संबंधित एक प्रसंग सांगते. १९०४ साली हिंदुस्थानातून यंगहजबंडच्या नेतृत्वाखाली जी फौज तिबेटात गेली, तिच्याबरोबर मॅक्झिम गन होत्या. गुरू नावाच्या ठिकाणी थोड्याच वेळात शेकडो तिबेटी मारले गेले. त्यांच्या हातात बहुतांशी तलवारी आणि तोड्याच्या बंदुका होत्या. आणि त्या फौजेतले बरेचसे शिपाई हिंदीच होते, हेही विसरता येत नाही.

इकडे अमेरिकेत पर्सी शिकत होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या प्रसिद्ध संस्थेतला यंत्रविद्येचा अभ्यासक्रम त्याने १८८६ साली पूर्ण केला, तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता. विजेच्या कारखान्यांत उमेदवारी करून तो लिन या गावी तोफेचे गोळे बनवणाऱ्या कंपनीत अधिकारी झाला. काका हडसन मॅक्झिमही स्फोटकांच्याच धंद्यात होता. १८९४ साली एका स्फोटात त्याचा डावा हात मनगटापासून उडाला. म्हणजे घराण्याचे आणि दारूगोळ्याचे नाते असे सर्व बाजूंनी.

पर्सीच्या डोक्यात मात्र त्या वेळी वेगळेच होते. १८९२ सालच्या एका रात्री सायकलीवरून सेलमहून लिनला परतताना त्याच्या मनात आले की पायांऐवजी एखादे छोटे इंजिन सायकलीला जोडले तर? पेट्रोलच्या गाड्या जर्मनीत तयार होत होत्या, पण त्याची वार्ता त्याला नव्हती. त्याने कारखान्यातले तोफेचे एक रिकामे पितळी काडतूस घेतले, त्यात पेट्रोलचे काही थेंब टाकले, हलवले आणि आत जळती काडी सोडली. जो दणका उडाला त्यावरून पेट्रोलात केवढी ताकद आहे हे त्याला कळले. थेंब जास्त टाकले, कमी टाकले, असे करीत त्याने हिशेब बसवला. पुढे १८९५ साली हार्टफर्डच्या पोप कंपनीने, जी सायकलींसाठी प्रसिद्ध होती, त्याला मोटारगाड्यांच्या विभागात घेतले. तिथे त्याने पेट्रोलच्या आणि विजेच्या दोन्ही प्रकारच्या गाड्या बनवल्या. हार्टफर्ड हे पुढे कायमचे त्याचे गाव झाले. १८९८ साली त्याने जोसेफिन हॅमिल्टन हिच्याशी लग्न केले. ती मेरीलँड राज्याच्या एका माजी गव्हर्नरची मुलगी.

आता सायलेन्सरकडे येऊ. १९०६च्या सुमारास पर्सी या प्रश्नामागे लागला. त्याला नेमबाजीची आवड होती, पण गोळीबाराच्या दणक्याचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना होणाऱ्या त्रासाचा कंटाळा होता. आवाज होतो तो कशाने? गोळीमागे नळीत प्रचंड दाबाखाली कोंडलेला तप्त वायू असतो. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडली की बाटलीचे बूच उडावे तसा तो एकदम बाहेर फुटतो. तो एकदम न फुटता हळूहळू बाहेर आला तर आवाज होणार नाही, इतके स्पष्ट होते. पण हळूहळू आणायचा कसा? गोळीला तर वाट मोकळी हवी. पर्सीने आधी गोळी गेल्याबरोबर बंद होणारी झडप करून पाहिली. तिचे पेटंट १९०८ साली मिळाले, पण ती व्यवहारात फारशी उपयोगी नव्हती.

उत्तर त्याला न्हाणीघरात सापडले अशी हकीकत आहे. टबातले पाणी सोडले असता ते सरळ खाली न जाता गरगर फिरत, वेळ घेत जाते, हे त्याने पाहिले. वायूलाही असेच गरगरवले तर? गोळी सरळ जाईल, कारण तिला वळता येत नाही. वायूला मात्र वळवता येते. त्याने नळीच्या तोंडावर बसणारे एक पोलादी नळकांडे केले. आत एकापाठोपाठ एक वाकडे पडदे, प्रत्येक पडद्याला गोळीपुरते भोक. गोळी भोकांतून आरपार जाई. वायू पडद्यांवर आपटून कडेला वळे, फिरत राही, थंड होई, आणि दम संपल्यावर बाहेर येई. ३० मार्च १९०९ रोजी त्याला या रचनेचे पेटंट मिळाले. १९१०च्या नमुन्यात त्याने भोके मध्यभागी न ठेवता वरच्या बाजूस घेतली, त्यामुळे नळकांड्याचा मोठा भाग नळीच्या खाली लोंबे आणि नेम धरण्याच्या माशीला आड येत नसे. लहान वाटणाऱ्या या सुधारणेत त्याची कारागीर बुद्धी दिसते.

आता मूळ मुद्दा. हे नळकांडे आवाजासाठी केलेले, परंतु ते बसवले की खांद्याला बसणारा धक्काही कमी होतो, असे लगेच अनुभवास आले. सैन्याच्या चाचण्यांतही ते नोंदले गेले, आणि पर्सीची कंपनी जाहिरातीत या गुणाचा आवाजाइतकाच गाजावाजा करी. आज सायलेन्सर म्हटले की आपल्याला सिनेमातला मारेकरी आठवतो. खांद्याची गोष्ट कोणाला आठवत नाही. खरे तर ती अधिक मनोरंजक आहे.

मी कला शाखेची. दहावीनंतर शास्त्र सुटले. पण न्यूटनचा तिसरा नियम अजून पाठ आहे आणि धक्का तर डोळ्यांनी पाहिलेला आहे. आमच्या गावी भात निसवले की रानडुकरे शेतात शिरतात. शेजारच्या तात्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. ते ती उडवतात तेव्हा आधी पाय मागे रोवून उभे राहतात. दारू जास्त झाली की बंदूक लाथ मारते असे ते म्हणतात. लाथ हा शब्द अगदी बरोबर आहे. मला वाटे, लाथ मारते ती गोळी. पण निम्मीच गोष्ट खरी होती.

धक्क्यात दोघांचा वाटा असतो. एक पुढे जाणाऱ्या गोळीचा आणि दुसरा पुढे जाणाऱ्या वायूचा. जेवढी दारू जळते तेवढ्या वजनाचा वायू होतो, आणि तोही पुढे फेकला जातोच. पर्सीच्या काळची अमेरिकन लष्करी रायफल घेऊ. वजन सुमारे ३.९ किलो. गोळी ९.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर. दारू सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वायू वजनाने गोळीच्या एक तृतीयांश. पण गोळीचे बूच निघाल्यावर तो गोळीपेक्षाही जोरात सुटतो. हिशेबासाठी त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १,२०० मीटर धरतात. वजन गुणिले वेग असा गुणाकार केला तर गोळीचा वाटा सुमारे आठ आणि वायूचा सुमारे चार येतो. म्हणजे एकूण धक्क्याचा तिसरा हिस्सा निव्वळ वायूचा. गोळी आणि वायू मिळून ती रायफल सेकंदाला तीन मीटर वेगाने मागे फेकतात. वायूचा वाटा अजिबात काढून टाकला तर हा वेग दोन मीटरवर येईल. तीनाचे दोन झाले म्हणजे विशेष काही नाही असे वाटेल. पण खांद्यात शिरणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. तीनाचा वर्ग नऊ, दोनाचा चार. म्हणजे खांद्यावरचा मार निम्म्याहून कमी!

प्रत्यक्षात वायूचा वाटा असा संपूर्ण नाहीसा होत नाही, त्यामुळे फायदा याहून कमी असतो. पण दिशा हीच. पडद्यांवर आपटणारा वायू पडद्यांना पुढे ढकलतो. पडदे नळकांड्याला, नळकांडे बंदुकीला घट्ट बसवलेले. म्हणजे बंदूक मागे येत असताना तिला कोणी पुढे ओढावे तसे होते. त्यात भर म्हणजे नळीच्या टोकाशी चार-सहाशे ग्रॅमचे वजन वाढते. जड बंदूक कमी उसळते आणि टोक जड असल्यामुळे तिचे तोंड वर उडत नाही. दुसरी गोळी झाडायला नेम लवकर परत येतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. गोळीचा वाटा कोणत्याही नळकांड्याने कमी होत नाही. ती एकदा सुटली की तिचा हिशेब पुरा झालेला असतो. म्हणूनच दारू जितकी जास्त, तितका या उपायाचा गुण जास्त. एनसीसीच्या कॅम्पात आपण जी .२२ रायफल झाडतो तिच्यात दारू चिमूटभर असते. तिला नळकांडे लावून खांद्याला काहीच फरक कळणार नाही, कारण मुळात तिथे लाथच नाही.

वायूला वापरून धक्का कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो पर्सीचा नव्हे. त्याला मझल ब्रेक म्हणतात. नळीच्या तोंडाशी कडेला खिडक्या पाडायच्या आणि त्यांच्या भिंती अशा ठेवायच्या की वायू आपटून बाजूला किंवा थोडा मागे वळावा. फ्रेंच तोफखान्यात एकोणिसाव्या शतकातच याचे प्रयोग झाले होते. अमेरिकेत मरीन दलाच्या कर्नल कट्सचा कॉम्पेन्सेटर १९२८च्या थॉम्सन बंदुकीवर बसू लागला, त्याचा मुख्य हेतू तोंड वर उडू नये हा होता. धक्का मोडण्यात चांगला मझल ब्रेक सायलेन्सरपेक्षा सरस ठरतो. सायलेन्सर वायूला फक्त अडवतो, हा त्याला उलटा वळवतो, म्हणून बंदुकीला पुढची ओढ अधिक मिळते. पण त्याची किंमत शेजारी उभा असलेला माणूस मोजतो. वायूचा सारा दणका त्याच्या कानावर आणि झाडणाऱ्याच्याही कानावर येतो, धूळ उडते ती निराळीच. मझल ब्रेक खांदा वाचवतो आणि कान मारतो. पर्सीचे नळकांडे खांदा थोडा कमी वाचवते, पण कानही वाचवते. दोन्हींतले कोणते पत्करावे हे ज्याच्या त्याच्या गरजेवर आहे. मला विचाराल तर माझे मत कानाच्या बाजूने पडेल.

तिसराही एक प्रकार आहे, आणि तो कळला तेव्हा मी चकित झाले. बापाच्या गनपासून निघालेल्या इंग्रजांच्या व्हिकर्स आणि जर्मनांच्या १९०८च्या मशीनगनवर नळीच्या तोंडाशी एक टोपण बसवलेले असे. ते वायूला कोंडून नळीला आणखी जोराने मागे ढकली. म्हणजे धक्का वाढवण्यासाठी! कारण त्या गन धक्क्यावरच चालत. नळीचे तोंड तेच, वायू तोच. बापाच्या वारसांनी तो लाथ वाढवायला कोंडला आणि मुलाने लाथ मोडायला.

सायलेन्सर या नावाने थोडी फसगतही होते. गोळीचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, अधिक असेल तर ती हवेत स्वतःच कडाड असा आवाज करीत जाते. तो आवाज नळीत नव्हे, वाटेवर होतो. त्याला नळकांडे काही करू शकत नाही. नळीच्या तोंडाचा दणका १६० डेसिबलपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. सायलेन्सरने तो साधारण २० ते ३० डेसिबल उतरतो. कान फुटण्यापासून वाचतो इतकेच. सिनेमातल्यासारखा फुस्स आवाज लष्करी रायफलीचा कधीच होत नाही.

पर्सीचा हा माल खुलेआम विकला जाई. हार्डवेअरच्या दुकानांतून आणि टपालानेही तो मिळे. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही आपल्या विंचेस्टर रायफलीला तो बसवला होता. परंतु वर्तमानपत्रांनी पहिल्यापासून खुन्यांची धास्ती घातली. आवाजच नाही तर खून पकडायचा कसा, हा प्रश्न लोकांना पटणारा होता. पर्सीला त्याचे वाईट वाटे. त्याच्या लेखी ही वस्तू नेमबाजांच्या सोयीची होती.

बापाचे शेवट काय झाले? १९०० साली तो ब्रिटिश नागरिक झाला, पुढच्याच वर्षी सर झाला. आयुष्यभर गन झाडून झाडून म्हातारपणी तो ठार बहिरा झाला होता. २४ नोव्हेंबर १९१६ रोजी तो लंडनमध्ये वारला. त्याच्या सहा दिवस आधी सॉमची लढाई थांबली होती, जिथे दोन्ही बाजूंकडे त्याच्याच गनच्या आवृत्त्या धडधडत होत्या. धक्क्याला कामाला लावणाऱ्याचे कान धक्क्याच्या आवाजाने गेले आणि ज्या मुलाला त्याने सोडले त्याने आवाजाचा उतारा शोधला. पर्सीने हे बापासाठी केले असे म्हणायला आधार नाही. पण असे घडले खरे.

सायलेन्सरची तीच युक्ती पर्सीने इंजिनांना लावली, आणि पुढे कंपनीचा खरा धंदा तोच झाला. मोठमोठ्या इंजिनांच्या, पंख्यांच्या, कारखान्यांच्या आवाजाला आवर घालणारी यंत्रे ती बनवू लागली. आपण मोटारसायकलच्या धुराड्याच्या नळकांड्याला सायलेन्सरच म्हणतो. तिथेही कोंडलेला तप्त वायू पडद्यांतून फिरवून सोडायचा असतो. बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाके वाजवीत कॉलेजच्या फाटकाशी घिरट्या घालणाऱ्या आमच्या बंधूंनी निदान एवढे लक्षात घ्यावे की शहरांत पोलीस असली नळकांडी रोलरखाली चिरडतात.

पर्सीचे मन एका गोष्टीवर कधी ठरले नाही. त्याला बिनतारी संदेशाचा छंद लागला. १९१४ सालच्या एप्रिल महिन्यात त्याला हार्टफर्डहून स्प्रिंगफील्डच्या एका हौशी संदेशकाला निरोप पाठवायचा होता. अंतर सुमारे तीस मैल. त्याचे यंत्र जोरदार असूनही निरोप पोहोचेना. वाटेत विंडसर लॉक्स येथे एक ओळखीचा छंदी होता, त्याने तो ऐकून पुढे पाठवला. एवढ्या साध्या प्रसंगावरून पर्सीला सुचले की देशभरच्या हौशी लोकांनी असे एकमेकांचे निरोप पुढे न्यावेत. क्लॅरेन्स टस्का या अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला बरोबर घेऊन त्याने त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. पर्सी तेव्हा पंचेचाळिशीचा. आपल्या वयाच्या मुलाला सहसंस्थापक करणारा असा माणूस आपल्याकडे किती सापडेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. १९१५ च्या डिसेंबरपासून लीगचे मासिक निघू लागले. १९१७ साली महायुद्धामुळे सरकारने हौशी केंद्रे बंद केली, ती युद्धानंतर पुन्हा सुरू व्हावीत म्हणून पर्सी वॉशिंग्टनला झगडला आणि ती सुरू झाली. १९२५ साली पॅरिसला हौशी संदेशकांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, तिचा अध्यक्षही तोच. ज्या पॅरिसने त्याचा बाप नेला होता त्याच पॅरिसने त्याला हा मान दिला. पुढच्या वर्षी त्याने घरगुती चित्रपट काढणाऱ्यांची लीग काढली. मंगळावर आणि अन्यत्र जीवसृष्टी असेल का यावर १९३३ साली पुस्तक लिहिले.

१९३४ साली अमेरिकेत गुंडांच्या टोळ्यांविरुद्ध शस्त्रांचा कडक कायदा झाला. त्यात मशीनगनबरोबर सायलेन्सरही आला. प्रत्येक हस्तांतराला २०० डॉलरचा कर आणि सरकारदरबारी नोंद. काही थोड्या डॉलरांना मिळणाऱ्या वस्तूवर २०० डॉलरचा कर म्हणजे बंदीच. बापाची गन आणि मुलाचे नळकांडे एकाच कायद्याच्या एकाच यादीत आले. तोपर्यंत पर्सीचे लक्ष बंदुकीवरून उडालेले होते, कंपनी इंजिनांचा आवाज कमी करण्यात गुंतली होती. परंतु नळकांड्याची गोष्ट तिथे संपली नाही. २०२२ साली अमेरिकन भूदलाने आपल्या पायदळासाठी नवी रायफल निवडली ती सायलेन्सरसकटच. सैनिकांचे कान वाचावेत, बोललेले ऐकू यावे आणि रायफल हातात स्थिर राहावी, या कारणांची मांडणी पर्सीच्या १९१०च्या जाहिरातींपेक्षा फारशी निराळी नाही.

१९३६च्या फेब्रुवारीत पर्सी पत्नीसह कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळा पाहायला आगगाडीने निघाला होता. वाटेत घशाचा विकार बळावला. कोलोरॅडो राज्यातील ला हुंटा येथे त्याला गाडीतून उतरवून दवाखान्यात नेले. तिथेच १७ फेब्रुवारीला वयाच्या ६६व्या वर्षी तो वारला. दुर्बिणीतून आकाश पाहायचे राहून गेले. मेरीलँडमधल्या हेगरस्टाउन गावी, पत्नीच्या माहेरी, त्याचे दफन झाले. बापावरचे पुस्तक त्याच वर्षी बाजारात आले.

लीगच्या मासिकात अनेक वर्षे द ओल्ड मॅन या टोपणनावाने कोणी एक म्हातारा फार चटकदार लेख लिहीत असे. हौशी संदेशकांच्या गोंगाटावर, बेशिस्तीवर तो कडाडून बोले आणि वाचक तो कोण असावा याचे तर्क लढवीत. पर्सी गेल्यानंतरच त्यांना कळले की तो म्हातारा म्हणजे आपला अध्यक्षच होता. १९३८ साली लीगने न्यूइंग्टन येथे त्याच्या स्मरणार्थ केंद्र उभारले आणि त्याला पर्सीचेच संकेतचिन्ह दिले, डब्ल्यू वन ए डब्ल्यू. ते केंद्र अजून हवेत निरोप पाठवते.